‘कितीही मोठी संख्या टाका’ म्हणे! दीडशे रुपयांच्या ॲपचा रिव्ह्यू

पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक स्टार खरं तर ॲपला नाहीच, माझ्या भाचीला आहे, पण तिला वेगळा स्टार द्यायची सोय कुठे नाही म्हणून दोन्ही इथेच देऊन टाकते.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एकटाच कोणीतरी पोरगा बनवतोय असं दिसतं, मेलला उत्तर पण स्वतःच देतो, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. पण असली ॲप्स पैशाला पासरी आहेत आणि सगळ्यांची जाहिरात सेम, कोणतीही संख्या टाका, कितीही मोठी, आणि तिची कुंडली एका सेकंदात मिळवा. कुंडली हा शब्द त्यांचाच बरं का. तर हे कोणत्याही एका ॲपचं नाही, सगळ्यांना लागू आहे असं समजून वाचा.

मी मुलुंडला राहते, फोर्टला नोकरी. बीएस्सी मॅथ्स केलं होतं कधीकाळी, मग नोकरी लागली आणि टक्केवारी, व्याज आणि जीएसटी सोडून गणिताशी संबंधच उरला नाही. आता बहिणीची मुलगी अकरावीला आहे, डोंबिवलीला असतात ते, आणि तिला ऑलिम्पियाडचं वेड लागलंय. मानखुर्दचं होमी भाभा सेंटर आहे ना, टीआयएफआरचं, ते ज्या ऑलिम्पियाड घेतं त्यातली गणिताची. तिच्यासाठी काहीतरी घ्यावं म्हणून हे ॲप घेतलं, वर्षाचे १४९ रुपये. घेतल्यावर कळलं की त्या परीक्षेला कॅल्क्युलेटर आत नेताच येत नाही, कुठल्याच प्रकारचा. म्हणजे लग्नात आहेर म्हणून छत्री दिल्यासारखं झालं, पण म्हटलं असू दे, घरी खेळेल.

आधी चांगलं सांगते म्हणजे नंतर शिव्या द्यायला मोकळी. दिसायला मस्त आहे. संख्या टाकली की खाली कार्डं उघडत जातात, मूळ अवयव, भाजक किती, भाजकांची बेरीज किती, वर्गसंख्या आहे का, उलटसुलट सारखी आहे का, बायनरीत कशी दिसते, अंकांच्या बेरजेने भाग जातो का, वगैरे वगैरे. कापरेकर संख्या (गणिती द. रा. कापरेकर गुरुजींच्या नावाची) हे पण कार्ड आहे हे बघून तर मी खूशच झाले. ४५ टाकलं, लगेच हिरवा टिकमार्क आला, कारण ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ परत ४५. २९७ टाकलं, त्याचा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७, तेही बरोबर. ६१७४ टाकलं तर त्याचं स्वतंत्र कार्ड, अंक उतरत्या क्रमाने ७६४१, चढत्या क्रमाने १४६७, वजाबाकी पुन्हा ६१७४. आणि खाली अवयव, २ गुणिले ३ चा वर्ग गुणिले ७ चा घन. हे मला माहीत नव्हतं! ६१७४ इतक्या वेळा ऐकलंय पण आत ७ चा घन बसलाय हे कधी बघितलंच नव्हतं.

दोन दिवस लोकलमध्ये तेच चालू होतं. पासावरचा नंबर टाक, लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक टाक, आमच्या डब्यातल्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गाडीचे नंबर टाकून झाले, एकीच्या स्कूटरचा नंबर मूळ संख्या निघाला तर तिने त्या दिवशी सगळ्यांना इडली दिली. इथपर्यंत चार स्टार नक्की होते. एक स्टार कापला होता कारण देवनागरी आकडे टाकले की घेतच नाही आणि स्वल्पविराम मिलियन बिलियनच्या जागी देतो, लाख कोटीच्या नाही. मोठा आकडा असला की माझा तर वाचतानाच गोंधळ होतो.

मग रविवारी डोंबिवलीला गेले.

डोंबिवलीचा संबंध आहे ह्यात, म्हणून थोडं थांबते. कापरेकर गुरुजी सगळ्यांना देवळालीचे म्हणून माहीत, तिथल्या शाळेत ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. पण जन्म डहाणूचा, १९०५ चा, शाळा ठाण्याला, बीएस्सी मुंबई विद्यापीठाची, १९२९ ची. म्हणजे आपल्याच लाइनीवरचा माणूस. आणि त्यांनी ज्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं ते डेम्लो म्हणजे डोंबिवली! जीआयपी रेल्वेच्या काळातल्या ह्या स्टेशनवर त्यांना ती कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. लोक डोंबिवली स्टेशनवर उभं राहून काय काय विचार करतात, बहुतेक करून पुढची फास्ट दिव्याला थांबेल का हाच, आणि ह्या माणसाला गुणाकार सुचला. परदेशात नाव झालं ते पार १९७५ ला, मार्टिन गार्डनर नावाच्या लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. मला तर डोंबिवली स्टेशनवर एक पाटी हवी आहे त्यांची, पण ते असो.

तर डेम्लो संख्यांमधला सगळ्यात देखणा प्रकार असा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असं करत करत नऊ वेळा एक, म्हणजे १११११११११, ह्याचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. चढला आणि उतरला. कागदावर गुणाकार मांडला की लगेच दिसतं का ते, एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, कडेच्या रकान्यात एकच एक, मधल्या रकान्यात नऊ एक, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मध्ये दहा होतात, हातचा येतो आणि सगळी रांगोळी फिसकटते, १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणजे ही आपली सतरा अंकी संख्या त्या रांगेतली शेवटची शहाणी. भास्कराचार्यांच्या यादीप्रमाणे बोलायचं तर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य आणि मग मध्य, त्या ‘मध्य’च्या घरात तिचा पहिला एक बसतो, अजून एक घर पुढे गेलं की परार्ध.

भाचीच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, तुमच्या गावची संख्या आहे, टाक. तिने टाकली. एका सेकंदात कुंडली आली खरी. संख्या सम आहे. वर्गसंख्या नाही. उलटसुलट सारखी नाही. मूळ अवयव: २ चा चौथा घात, ५, ७, ११, ७३, १०१, १०९ चा वर्ग, १३७, १६७. एकूण भाजक १९२०.

मी तर बघून गारच पडले, काय सुंदर अवयव निघाले म्हणून. खरं सांगते, मला काही चुकीचं वाटलंच नाही! ॲप म्हणतंय ना, मग असेल. एवढी सगळी कार्डं, रंगीत, हिरवे लाल टिकमार्क, आणि खाली अवयवांचं एक झाड पण काढलेलं, फांद्या फुटलेलं. भाची मात्र भुवया आखडून बसली आणि म्हणाली, मावशी हे शक्यच नाही. म्हटलं का गं? तर म्हणे भाजक १९२० आहेत.

मग काय झालं, जास्त वाटतात का? नाही, सम आहेत.

मला दोन मिनिटं कळलंच नाही. मग तिने समजावलं, आणि तेव्हा आठवलं की हे मी पण शिकले होते कधीतरी. भाजक नेहमी जोडीने येतात. १२ घे, १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. एकाने भागलं की दुसरा हातात येतो. मग संख्या सम निघणारच भाजकांची. फक्त वर्गसंख्या असेल तर एक जण एकटा उरतो, ३६ मधला ६, त्याची जोडी तो स्वतःच. म्हणजे वर्गसंख्येचे भाजक कायम विषम. आणि आपण तर नऊ एकांचा वर्ग करूनच टाकलाय, मग १९२० येणारच कसे? तिने शेवटचा अंक बघितला नव्हता, सम विषम बघितलं नव्हतं, डायरेक्ट १९२० वर बोट ठेवलं. तो वरचा स्टार तिला का दिलाय ते कळलं असेल आता.

मग आम्ही स्क्रीन वर सरकवली, अगदी वर, कार्डांच्याही वर बारीक राखाडी अक्षरात ‘आपली संख्या’ म्हणून लिहिलेलं असतं तिथे, आणि तिथे होतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी एकाच्या जागी शून्य! आम्ही टाकली एक आणि त्याने कुंडली काढली शेजारणीची. आणि गंमत म्हणजे शेजारणीची कुंडली अगदी बरोबर आहे. वर्गातून एक वजा केला की दोन तुकडे पडतात हे आठवीत शिकतो ना आपण, एक कमी गुणिले एक जास्त, तसं ते १११११११११० नाही, एक १ जास्त झाला, ११११११११० गुणिले ११११११११२ आहे. पहिल्यातून १० बाहेर काढले की उरतात आठ एक, ते म्हणजे ११ गुणिले ७३ गुणिले १०१ गुणिले १३७. दुसऱ्यातून ८ काढले की उरतं १३८८८८८९, त्यातून ७, १०९ दोनदा आणि १६७. ॲपने दिलेले सगळे अवयव तंतोतंत. पत्ता तेवढा चुकला, ३२१ नंबरच्या खोलीचं पार्सल ३२० मध्ये देऊन आला आणि सही पण घेऊन आला.

का होतं असं ते मला माहीत होतं, कारण ऑफिसात ह्याच्यावरून एकदा महाभारत झालेलं आहे. स्प्रेडशीटमध्ये सोळा अंकी नंबर साधा आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, कारण ते पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं. आमच्याकडे एका नवीन पोराने दोनशे ओळींची शीट अशी भरली होती आणि दोन दिवस सगळ्यांना वाटत होतं की एवढे सगळे नंबर शून्यानेच कसे संपतात. आपली ही संख्या तिथे टाकली तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. ॲपचं दुखणं सख्खं भावंड नाही पण चुलत आहे. कॉम्प्युटरमध्ये साधा आकडा ठेवायला ६४ बिटांची जागा असते आणि त्यात पूर्णांक बिनचूक बसतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत.

भाचीला मी लोकलवरून सांगितलं. तिथपर्यंत गाडी स्लो आहे, प्रत्येक स्टेशन घेते, १ २ ३ ४ सगळे आकडे. त्या ५३ व्या घाताला पोचली की ती सेमीफास्ट होते, एक सोडून एक, फक्त सम आकड्यांवर थांबते. ५४ व्या घातानंतर चारातल्या एकावर, मग आठातल्या एकावर. आपली संख्या ५३ आणि ५४ च्या मध्ये आहे आणि विषम आहे. तिच्या स्टेशनवर गाडी थांबतच नाही! मग शेजारच्या स्टेशनवर उतरवतात. ह्यात खरं तर तसा काही गुन्हा नाही, इंडिकेटरवर लिहा ना मग की इथे थांबणार नाही. हे ॲप इंडिकेटरवर लिहितं ‘सर्व स्टेशनांवर थांबेल’ आणि वरून १४९ रुपये घेतं, माझा राग तो आहे. सतरा अंकांना ‘माफ करा, जमत नाही’ म्हणालं असतं तर मी चार स्टार ठेवले असते, आईशप्पथ.

राग आला की मी वाईट आहे, मुद्दाम अजून मोठ्ठी टाकून बघितली. २ चा ६७ वा घात वजा एक, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंक. ह्या संख्येची गोष्ट माहीत असेल तर दोन ओळी सोडून द्या. बरीच वर्षं लोक हिला मूळ संख्या समजायचे, १८७६ ला ल्युकास नावाच्या गणितज्ञाने दाखवलं की नाही, हिचे तुकडे पडतात, पण तुकडे कोणते ते कोणालाच माहीत नाही. मग ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल नावाचा प्रोफेसर फळ्याजवळ गेला, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार हाताने केला, दोन्ही उत्तरं सारखी आली, आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाला तीन वर्षांचे रविवार. आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असतो त्यामुळे आपल्यालाही जमायला हरकत नाही खरं तर, घरीच असतो.

तर ॲप काय म्हणालं असेल? आपली संख्या: १४७५७३९५२५८९६७६४१००००. मूळ अवयव: २ चा ६७ वा घात.

बास. आम्ही दोघी इतक्या हसलो की बहीण स्वयंपाकघरातून बघायला आली. शेवटी चार शून्यं आहेत आणि अवयवांमध्ये पाच नाही! पाचाशिवाय शून्य येतं का कधी, दुसरीतलं पोर सांगेल. एक वजा केलेला त्याने पोटात घातला, मग दाखवताना शेवटचे अंक शून्यांनी झाकले, आणि वरून खात्रीने हिरवा टिकमार्क. कोलसाहेबांचे तीन वर्षांचे रविवार एका सेकंदात पाण्यात.

डेव्हलपरला मेल केला, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं, सभ्य होतं, पुढच्या अपडेटमध्ये बघतो म्हणाला. दीड महिना झाला, अपडेट आलं पण त्यात डार्क मोड आला.

आता पैसे न घालवता काय करायचं ते सांगते. लॅपटॉप असेल तर पायथन टाका, फुकट आहे, त्यात पूर्णांकाला मर्यादाच नाही, मेमरी असेल तितका मोठा आकडा बिनचूक धरतो, नऊ एक टाकून दोन फुल्या आणि दोन लिहा, सतराच्या सतरा अंक येतात शेवटच्या एकासकट. अवयव पाडायचे असतील तर दारिओ आल्पर्न नावाच्या अर्जेंटिनातल्या माणसाची वेबसाइट आहे, वर्षानुवर्षं चालवतोय, दिसायला अगदी साधी, रंग नाही झाड नाही, पण कोलची एकवीस अंकी संख्या टाकली तर बोट उचलायच्या आत दोन्ही तुकडे बरोबर देते. भाजक किती, त्यांची बेरीज किती हे पण. पीएआरआय जीपी म्हणून अजून एक आहे, फ्रान्समधल्या बोर्दोचं, ते भाचीच्या सरांनी सांगितलं, मी अजून नीट वापरलं नाही. आणि अगदीच कितीही मोठी म्हणाल तर ते कुणालाच जमत नाही, २५० अंकी एक संख्या २०२० मध्ये फोडली त्याला ढीगभर कॉम्प्युटर लागले, आणि ६१७ अंकी जी प्रसिद्ध आहे ती अजून कोणाला फुटलेली नाही, आपल्या बँकेच्या वेबसाइटची कुलपं तशाच आकड्यांवर चालतात. त्यामुळे ‘कितीही’ हा शब्द जाहिरातीत दिसला की सावध व्हा.

बरं, मग आपल्या संख्येची खरी कुंडली काय? ही आम्ही कागदावर काढली, कारण तोपर्यंत आमची दोघींची सटकली होती.

अंकांची बेरीज ८१. आणि संख्येला ८१ ने भागही जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनीच हर्षद संख्या म्हटलंय, म्हणजे ही डेम्लो पण आणि हर्षद पण, गुरुजींची दोन्ही घरची. अवयव काढायचे तर नऊ एकांचे काढायचे आणि प्रत्येक दोनदा घ्यायचा. नऊ एकांना ९ ने भागा, १२३४५६७९ येतं, ८ गायब असलेलं ते, लहानपणी सगळ्यांनी खेळलेलं असतं. त्याला ३७ ने भागा, ३३३६६७. संपलं. म्हणजे आपली संख्या फक्त तीन मूळ संख्यांची बनलीय, ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. भाजक पाच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. विषम! ॲप म्हणतं १९२०, खरे ४५.

आणि ह्या तिघी साध्यासुध्या नाहीत. एकाला ३ ने भागा, ०.३३३, एकच अंक परत परत. ३७ ने भागा, ०.०२७०२७, तीन अंक परत परत. ३३३६६७ ने भागा, ०.००००० २९९७ आणि परत तेच, नऊ अंकांचं चक्र. १, ३, ९. एका अंकाचं चक्र देणारी मूळ संख्या ३ सोडून जगात दुसरी नाही, तीन अंकांचं देणारी ३७ सोडून नाही, आणि नऊ अंकांचं ३३३६६७ सोडून नाही. असल्या संख्यांना एकमेव मूळ संख्या म्हणतात, सॅम्युअल येट्सने १९८० मध्ये हे नाव दिलं, आणि त्या फारच विरळ असतात. मला हे कळल्यावर काटा आला अंगावर, आपल्या एका संख्येत तिन्ही. अजून एक, संख्येचे उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडा, १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१, बेरीज करा, येते २९९७. तेच २९९७ जे वर चक्रात आलं! हे का होतं ते भाची म्हणते सांगेन नंतर, मी अजून वाट बघतेय.

पण ३३३६६७ मूळ आहे कशावरून? ॲपला विचारायची सोय होती, सहा अंकी तर आहे, तिथे ते बरोबरच सांगतं. पण विश्वास उडाला की उडाला. हाताने करायचं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या होतात १०६. मी म्हटलं जाऊ दे. तर भाची म्हणे थांब, सगळ्या कशाला? ३३३६६७ गुणिले २९९७ म्हणजे नऊ वेळा नऊ. म्हणजे तिचा जो कोणी अवयव असेल त्याचं चक्र ९, ३ किंवा १ अंकांचंच असणार. १ आणि ३ वाल्या फक्त ३ आणि ३७, ३ ने भाग जात नाही कारण बेरीज २८, ३७ ने भागलं तर बाकी एक. मग उरलं ९ चं चक्र, आणि चक्राची लांबी नेहमी मूळ संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याचा भाजक असते, हे फर्मा नावाच्या गणितज्ञाचं. म्हणजे एक वजा केल्यावर ९ ने भाग जायला हवा, आणि सम तर असणारच, म्हणून १८ ने. १८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या, ५७७ पर्यंत, किती? १९, ३७, ७३, १०९ असं करत मोजल्या. सतरा. १०६ च्या सतरा झाल्या, आणि ३७ तर आधीच झालेली.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर मुलुंडला राहायला आली, सोमवारी सुट्टी होती. डोंबिवलीहून स्लो पकडली, रविवार म्हणून बसायला मिळालं, आणि हिने लाइट बिलाच्या मागच्या बाजूला भागाकार सुरू केले. कोपर गेलं तोवर १९ आणि ७३ झाले होते. दिव्याला १६३ ने बाकी ६ उरली तर ही चक्क ‘श्शी’ म्हणाली, समोरच्या बाईंना वाटलं त्यांना म्हणतेय. मुंब्र्याच्या बोगद्यात लाइट गेले आले. कळव्याला ३७९. ठाण्याला गर्दी चढली, कागद कोणाच्या तरी पर्सखाली गेला, तोही काढला. मुलुंडला उतरलो तेव्हा ५२३, ५४१ आणि ५७७ शिल्लक होते, घरी जाऊन कर म्हटलं तर ऐकेना, प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसली. ५२३ ने अगदी थोडक्यात हुकलं, फक्त ७ कमी पडले. ५४१ ने बाकी ४११. ५७७ ने बाकी १६१.

वर्गणीचं आपोआप रिन्यू होणं मी त्याच बाकावर बंद केलं.